राखणीचे मोठे कुत्रे

घर, गोठा, मळा किंवा मेंढरांचा कळप यांची राखण, शिकार, माग काढणे अशा ठराविक कामांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास केलेल्या थोराड बांध्याच्या कुत्र्यांचा येथे विचार केला आहे. पूर्वी अशा कुत्र्यांची निवड कामावरून होत असे. घरासाठी अमुक जात घ्यावी की तमुक, हा प्रश्न शहरी वस्तीबरोबर उत्पन्न झाला. महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई–ठाणे परिसरात, या बदलाचा इतिहास चांगला दिसून येतो.

दख्खनमध्ये चांगल्या कुत्र्याचे मोल फार जुने आहे. कर्नाटकातील आतकूर (मंड्या जिल्हा) येथील सु. इ. स. ९४९-५० च्या शिलालेखात मणलेर या वीराची हकीकत आहे. त्याच्या पराक्रमावर प्रसन्न होऊन गंग राजा बूतुगाने ‘काय हवे ते माग’ म्हटले, तेव्हा त्याने राजाचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे रानडुकराशी झुंजताना कुत्रा व डुक्कर दोन्ही मरण पावले आणि कुत्र्याच्या स्मरणार्थ तो दगड उभारण्यात आला. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथात शिकारी कुत्र्यांवर ‘सारमेयविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण होय. ठाणे जिल्ह्यातील कल्याणशी तिची गल्लत होऊ देऊ नये.

ही परंपरा पुढे ज्या कुत्र्यात टिकली, तो कारवान किंवा कारवानी कुत्रा होय. लांब निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब पाय असा त्याचा बांधा असून उंची सु. ७० सेंमी. भरते, वजन मात्र २० ते ३० किग्रॅ.च्या आसपासच असते. रेशमी केसांच्या प्रकारास पश्मी म्हणतात. लातूर जिल्ह्यातील जानवळ हे गाव त्याच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याच्या पैदाशीला आश्रय दिला व त्यावरून ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झाले. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. हा कुत्रा नजरेने सावज टिपून धावणारा आहे. तो परक्याला जवळ येऊ देत नाही, पण अंगावर धावून जाणारा पहारेकरीही नव्हे. मळ्यावर तो शोभतो, कारण तेथे त्याला धावायला मिळते.

परदेशी जातीही मुळात अशाच कामांतून घडल्या. जर्मन शेफर्ड (अल्सेशियन) हा मेंढपाळांचा कुत्रा. १८९९ मध्ये माक्स फोन श्टेफानित्स या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने होरांड नावाचा कुत्रा विकत घेऊन त्याच वर्षी या जातीची संस्था स्थापन केली. आपोल्डा येथील करवसुली करणारा लुई डोबरमान याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोबतीला व संरक्षणाला म्हणून डॉबरमन घडविला. रॉटवायलर कसायांची गुरे हाकी व गाडे ओढी. ग्रेट डेन हा नावाने डॅनिश, पण वस्तुतः जर्मन असून रानडुकराच्या शिकारीचा कुत्रा होता. लॅब्राडोर मारलेले पाखरू आणून देणारा. त्याच्याकडून राखणीची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे, तो आल्यागेल्याचे स्वागतच करतो.

मुंबईत या जाती प्रथम बंगल्यांतून व श्वानप्रदर्शनांतून दिसू लागल्या. त्यांना लोकमान्यता मिळाली ती मोठ्या प्रमाणात पोलिसांमुळे. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ मध्ये डॉबरमन कुत्र्यांनिशी सुरू झाले. १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर ‘झंजीर’ या लॅब्राडोरने ३,३२९ किग्रॅ. आरडीएक्स शोधून काढले. मुंबईबरोबर मुंब्रा व ठाणे येथेही त्याचा उपयोग झाला. मात्र असे कुत्रे रोज कित्येक तास प्रशिक्षकाच्या हाताखाली राबतात, ही गोष्ट पिलू घरी आणणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

ठाण्याजवळील माजिवडा हे याचे बोलके उदाहरण ठरावे. मुंबई–आग्रा व घोडबंदर हे रस्ते जेथे मिळतात, तेथील हे गाव एके काळी भातखाचरांनी वेढलेले होते. अशा गावात दारचा कुत्रा गावठीच असे. तो अंगणात निजे, अनोळखी पावलाला भुंके आणि दिवसभर मोकळा हिंडे. १९६० नंतर परिसरात कारखाने आले, १९८२ मध्ये ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि त्यानंतरच्या दशकांत शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. राखणीचे काम आता फाटकावरील पहारेकरी व कॅमेरे करतात. चाळीस किग्रॅ. वजनाचा राखण्या कुत्रा मात्र दोन-तीन खोल्यांत राहतो आणि उद्‌वाहनातून दिवसातून दोनदा खाली येतो. काम नसलेला कामाचा कुत्रा घरातील वस्तू कुरतडतो, सतत भुंकतो, कधी चावतोही. दोष त्याच्या जातीला दिला जातो.

हवामानाचा प्रश्न वेगळाच आहे. कुत्रा मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जिभेवरील व श्वसनमार्गातील ओलाव्याच्या बाष्पीभवनाने अंग थंड ठेवतो. ठाण्यासारख्या खाडीकाठच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. दुहेरी केसांच्या जर्मन शेफर्डला व जड देहाच्या सेंट बर्नार्डला याचा त्रास विशेष होतो. पावसाळ्यात गोचिडांमुळे होणारे ताप बळावतात. मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा विकार आनुवंशिक असतो, म्हणून पिलाच्या आईबापांची तपासणी झाली आहे काय, हे विचारणे रंग पाहण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. खोल छातीच्या कुत्र्यांच्या जठराला पीळ पडून काही तासांत मृत्यू येऊ शकतो. ग्रेट डेनचे आयुष्य साधारणतः सात ते दहा वर्षांचेच असते. येऊरच्या डोंगरालगत तर बिबट्याचा वावर असल्याने रात्री बाहेर बांधलेला कुत्रा, तो कितीही थोराड असो, राखणदार न ठरता भक्ष्य ठरतो.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थांना कुत्र्याच्या आकारावरून तो पाळण्यास मनाई करता येत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने रॉटवायलरसह तेवीस जातींच्या विक्रीस व पैदाशीस बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठविले. पुढील महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्या यादीत कळपांची राखण करणाऱ्या अनेक परदेशी जाती होत्या. जर्मन शेफर्ड व डॉबरमन तीत नव्हते.