ऑनलाइन अभ्यासक्रम निर्मिती सॉफ्टवेअर

ऑनलाइन अभ्यासक्रम निर्मिती सॉफ्टवेअर हे मजकूर, चित्रे, ध्वनी, चित्रफिती आणि प्रश्नमंजूषा एकत्र गुंफून इंटरनेटवरून शिकता येईल असा अभ्यासक्रम तयार करण्याचे साधन होय. त्यास 'ऑथरिंग टूल' असेही म्हणतात. प्रोग्रॅमिंगचे ज्ञान नसलेल्या शिक्षकाला, प्रशिक्षकाला किंवा विषयतज्ज्ञाला अभ्यासक्रम रचता यावा, हा या सॉफ्टवेअरचा मुख्य हेतू आहे. तयार अभ्यासक्रम विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे, त्यांची नोंदणी करणे आणि गुणांची नोंद ठेवणे हे काम शिक्षण व्यवस्थापन प्रणाली करते. मूडल हे अशा प्रणालीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. काही उत्पादनांत ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी होतात.

२०१० च्या दशकापासून या क्षेत्रातील बरीच व्यावसायिक उत्पादने एकरकमी परवान्याऐवजी वार्षिक किंवा मासिक वर्गणीवर मिळू लागली. त्यामुळे नवी वैशिष्ट्ये सतत मिळत राहतात. मात्र वर्गणी थांबल्यानंतर स्वतः तयार केलेला अभ्यासक्रम दुरुस्त करता येईल का, हा प्रश्नही शिक्षणसंस्थांपुढे उभा राहिला आहे.

## इतिहास

संगणकाद्वारे शिक्षणाचा आरंभीचा मोठा प्रयोग म्हणजे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली सुरू झालेली प्लेटो प्रणाली. या प्रणालीसाठी धडे लिहिता यावेत म्हणून त्याच दशकात पॉल टेन्झार यांनी 'ट्यूटर' ही भाषा तयार केली. १९८७ मध्ये आलेल्या ऑथरवेअरने आज्ञा लिहिण्याऐवजी पडद्यावर चिन्हे मांडून धड्याचा क्रम ठरवण्याची सोय केली. १९९२ मध्ये ऑथरवेअर कंपनीच्या विलीनीकरणातून मॅक्रोमीडिया ही कंपनी उभी राहिली. २००५ मध्ये ॲडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली आणि २००७ मध्ये ऑथरवेअरचा विकास थांबवला.

२००४ मध्ये कॅप्टिव्हेट आणि २०१२ मध्ये आर्टिक्युलेट स्टोरीलाइन ही उत्पादने बाजारात आली. या काळातील परस्परसंवादी धडे प्रामुख्याने फ्लॅश तंत्रावर आधारलेले असत. फ्लॅश बंद करण्याची घोषणा ॲडोबीने २०१७ मध्ये केली. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरमध्ये आशय चालणे बंद झाले. ज्या संस्थांकडे धड्यांच्या मूळ संपादनयोग्य फायली होत्या, त्यांना ते एचटीएमएल ५ मध्ये पुन्हा प्रकाशित करता आले. ज्यांच्याकडे केवळ तयार फायली उरल्या होत्या, त्यांना बहुतांश धडे नव्याने रचावे लागले. मूळ फाईल जपण्याचे महत्त्व या घटनेमुळे अधोरेखित झाले.

## रचना व कार्यपद्धती

अभ्यासक्रम साधारणपणे दोन प्रकारे रचला जातो. पहिल्या प्रकारात प्रत्येक पडदा सरकपट्टीप्रमाणे असतो. त्यावर घटक हव्या त्या जागी ठेवून त्यांची वेळ व हालचाल ठरवता येते. दुसऱ्या प्रकारात तयार ठोकळे एकाखाली एक रचले जातात आणि पान मोबाईलच्या पडद्यानुसार आपोआप जुळवून घेते. पहिल्या प्रकारात स्वातंत्र्य अधिक, तर दुसऱ्यात काम जलद होते.

तयार अभ्यासक्रम कोणत्याही शिक्षण व्यवस्थापन प्रणालीत चालावा, यासाठी काही मानके ठरवण्यात आली आहेत. विमान उद्योगाच्या गरजेतून १९८८ मध्ये एआयसीसी ही समिती स्थापन झाली. पुढे अमेरिकी संरक्षण विभागाशी निगडित एडीएल या उपक्रमाने स्कॉर्म हे मानक तयार केले. त्याची १.२ ही आवृत्ती २००१ मध्ये आली आणि ती आजही वापरात आहे. स्कॉर्म अभ्यासक्रम ही झिप स्वरूपातील एक फाईल असते. तिच्यात धड्यांसोबत रचनेची माहिती देणारी सूची असते. धडा सुरू झाल्यावर तो गुण, पूर्णतेची स्थिती आणि लागलेला वेळ प्रणालीला कळवतो.

स्कॉर्म १.२ मध्ये विद्यार्थ्याने धडा कुठे सोडला, ही माहिती ठेवण्यासाठी ४,०९६ वर्णांची मर्यादा आहे. अनेक प्रश्न असलेल्या लांबलचक धड्यात ही जागा संपते आणि विद्यार्थी परत आल्यावर धडा योग्य ठिकाणाहून सुरू होत नाही. म्हणून लांब अभ्यासक्रमाचे लहान भाग करणे किंवा स्कॉर्म २००४ ची चौथी आवृत्ती वापरणे हे उपाय केले जातात. त्या आवृत्तीत ही मर्यादा ६४,००० वर्णांची आहे. २०१३ मध्ये आलेले एक्सएपीआय हे मानक 'कोणी, काय केले, कशाच्या संदर्भात' अशा विधानांच्या रूपात नोंदी ठेवते. त्यामुळे वर्गाबाहेरील किंवा यंत्रावरील सरावाचीही नोंद घेता येते.

## नवी वैशिष्ट्ये

अलीकडील आवृत्त्यांत पुढील सोयी दिसून येतात:

* एकत्रित संपादन व परीक्षण: विषयतज्ज्ञ ब्राउझरमध्ये धडा पाहून त्या त्या पडद्यावर अभिप्राय नोंदवू शकतो.
* शाखायुक्त प्रसंग: विद्यार्थ्याच्या निर्णयानुसार पुढील घटनाक्रम बदलतो.
* परस्परसंवादी चित्रफीत: चित्रफीत मध्येच थांबून प्रश्न विचारते.
* कृत्रिम बुद्धिमत्ता: मजकुराचा मसुदा, प्रश्न, चित्रे व आवाज तयार करता येतात. आर्टिक्युलेटने २०२४ मध्ये आपल्या संचात असा साहाय्यक समाविष्ट केला.
* भाषांतर: धड्यातील मजकूर बाहेर काढून, भाषांतरित करून पुन्हा त्याच जागी भरता येतो.
* सुगम्यता: कळफलकाने वापर, चित्रांसाठी पर्यायी मजकूर, उपशीर्षके आणि पडदावाचक सॉफ्टवेअरशी सुसंगती. यासाठी डब्ल्यूसीएजी ही जागतिक मार्गदर्शक तत्त्वे पाळली जातात, त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. भारतात दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मुळे या बाबीला कायदेशीर महत्त्व आले आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले प्रश्न व उत्तरे चुकीची असू शकतात. त्यामुळे विषयतज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक ठरते.

## वर्गणी पद्धत

ॲडोबीने २०१३ मध्ये आपल्या प्रमुख सर्जनशील उत्पादनांच्या पुढील आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले. अभ्यासक्रम निर्मितीच्या क्षेत्रात २०१६ मध्ये आलेल्या आर्टिक्युलेट ३६० ने हीच पद्धत स्वीकारली. त्यात स्टोरीलाइन, राइज, परीक्षणाची सोय आणि चित्रे व नमुन्यांचा संग्रह एकाच वर्गणीत देण्यात आला.

| मुद्दा | एकरकमी परवाना | वर्गणी | मुक्त स्रोत |
|---|---|---|---|
| सुरुवातीचा खर्च | जास्त | कमी | परवाना शुल्क नाही |
| पुढील खर्च | नव्या आवृत्तीसाठी | दरवर्षी | सर्व्हर व देखभाल |
| नवी वैशिष्ट्ये | नवी आवृत्ती घेतल्यावर | सतत | समुदायाच्या गतीने |
| पैसे देणे थांबवल्यावर | जुनी आवृत्ती चालू राहते | संपादन बंद होते | परिणाम नाही |

### फायदे

वर्गणीदारास नवी आवृत्ती, सुरक्षा दुरुस्त्या, तांत्रिक साहाय्य, तयार चित्रसंग्रह आणि ऑनलाइन साठवण मिळते. एखाद्या प्रकल्पापुरती एक वर्षाची वर्गणी घेणे लहान संस्थेला एकरकमी खरेदीपेक्षा परवडू शकते. गटासाठी असलेल्या योजनेत एक कर्मचारी नोकरी सोडून गेल्यास त्याची जागा दुसऱ्याला देता येते आणि त्याचे प्रकल्पही संस्थेकडे राहू शकतात. व्यक्तिगत योजनेत ही सोय सहसा नसते.

### मर्यादा

प्रकाशित करून स्वतःच्या शिक्षण व्यवस्थापन प्रणालीत ठेवलेला स्कॉर्म अभ्यासक्रम सामान्यतः वर्गणी संपल्यावरही चालू राहतो. मात्र नियम किंवा पाठ्यक्रम बदलल्यास त्यात दुरुस्ती करण्यासाठी पुन्हा वर्गणी भरावी लागते, कारण मूळ फाईल इतर सॉफ्टवेअरमध्ये सहसा उघडत नाही. पुरवठादाराच्याच सर्व्हरवर असलेला अभ्यासक्रम वर्गणीबरोबर बंद पडू शकतो. परदेशी उत्पादनांचे दर बहुधा डॉलरमध्ये असल्याने विनिमयदराचाही परिणाम होतो. यामुळे वर्गणी घेण्यापूर्वी फायली बाहेर काढण्याची सोय, त्यासाठी मिळणारी मुदत, चित्रसंग्रहातील साहित्याचा पुढील वापर आणि विद्यार्थ्यांच्या माहितीची साठवण या अटी तपासल्या जातात.

## मुक्त स्रोत पर्याय

नॉर्वेमध्ये विकसित झालेले एच५पी हे मुक्त स्रोत साधन २०१३ पासून उपलब्ध आहे. त्यातील धड्याची फाईल उतरवून घेऊन दुसऱ्या संकेतस्थळावर पुन्हा संपादित करता येते. २०१९ मधील मूडल ३.८ या आवृत्तीपासून ते मूडलचाच भाग झाले. त्याच साधनाची सशुल्क ऑनलाइन सेवाही आहे. मूळ साधन विनामूल्य ठेवून साठवण, साहाय्य आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी वर्गणीदारांना देण्याची ही मिश्र पद्धत आहे. एक्सईलर्निंग हा आणखी एक मुक्त पर्याय संगणकावर इंटरनेटशिवायही वापरता येतो.

## महाराष्ट्रातील वापर

पुणे येथील हार्बिंजर समूहाने विकसित केलेले रॅप्टिव्हिटी हे या क्षेत्रातील महाराष्ट्रात तयार झालेले उत्पादन आहे. खेळ, कोडी, प्रसंग व प्रश्नमंजूषा यांचे तयार नमुने देऊन त्यात केवळ आशय भरण्याची सोय, हे त्याचे वैशिष्ट्य. आरंभी फ्लॅशमध्ये प्रकाशित होणारे हे नमुने पुढे एचटीएमएल ५ मध्ये आणण्यात आले.

महाराष्ट्र शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेडने एमएस-सीआयटी अभ्यासक्रमासाठी 'एरा' ही स्वतःची ई-शिक्षण प्रणाली वापरली. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या आयआयटीबॉम्बेएक्स या मंचासाठी ओपन एडएक्स हे मुक्त सॉफ्टवेअर वापरण्यात आले. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरवरील छोट्या दृक्-श्राव्य धड्यांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रण केले जाते आणि ते मुक्त परवान्याखाली दिले जातात. शालेय स्तरावर २०१७ मध्ये सुरू झालेला दीक्षा हा मंच सनबर्ड या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर आधारलेला असून पाठ्यपुस्तकांतील क्यूआर संकेतांद्वारे विद्यार्थी त्यावरील साहित्यापर्यंत पोहोचतात.

### दापोडी व औद्योगिक पट्टा

पुण्याहून पिंपरी-चिंचवडकडे जाताना मुळा नदी ओलांडल्यावर लागणारे दापोडी हे प्रशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठिकाण आहे. येथे भारतीय सैन्याचे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक येथे असून इतर दोन चिकलठाणा व हिंगणा येथे आहेत. जवळच भोसरी परिसरात १९६७ मध्ये स्थापन झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था आहे. येथून भोसरी, पिंपरी, चिंचवड व चाकणपर्यंत वाहन आणि सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचा पट्टा पसरला आहे.

अशा पट्ट्यातील प्रशिक्षणाची गरज महाविद्यालयीन शिक्षणापेक्षा वेगळी असते. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली समाविष्ट केलेल्या कलम १११-अ ने कामगाराला सुरक्षिततेविषयी माहिती व प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क दिला. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरोधातील २०१३ च्या कायद्यानेही मालकावर जनजागृती कार्यक्रम घेण्याची जबाबदारी टाकली. प्रेस यंत्राची सुरक्षा, वीजपुरवठा बंद करून कुलूप लावण्याची पद्धत, आग विझवणे, क्रेनचा वापर असे विषय प्रत्येक नव्या कामगाराला शिकवावे लागतात. एकच धडा मराठी व हिंदीत देता येणे, तो मोबाईलवर चालणे आणि पूर्ण केल्याची नोंद राहणे या सोयी येथे उपयोगी पडतात. तथापि धडा पूर्ण झाल्याची नोंद म्हणजे कौशल्य आल्याचा पुरावा नव्हे. यंत्रावरील प्रत्यक्ष प्रात्यक्षिक व पर्यवेक्षकाची पडताळणी यांची जागा ऑनलाइन धडा घेऊ शकत नाही.

## मराठी व देवनागरीचे प्रश्न

युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी मराठी धडे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र संकेतनाच्या टंकांत तयार होत. टंक उपलब्ध नसल्यास पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटत आणि मजकुरात शोध घेता येत नसे. युनिकोडमुळे हा प्रश्न बराचसा सुटला, तरी काही अडचणी उरल्या आहेत.

सॉफ्टवेअरमधील टंकाने जोडाक्षरे व 'ऱ्य' नीट दाखवणे आवश्यक असते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत अर्थाचा मोठा फरक आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत २००८ मध्ये आले. त्यापूर्वी ते 'अ' वर चंद्र देऊन लिहिले जाई. दोन्ही रूपे सारखी दिसली तरी संगणकासाठी वेगळी असतात. परिणामी रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात विद्यार्थ्याचे बरोबर उत्तरही चुकीचे ठरू शकते. संगणकनिर्मित आवाजात 'चार' व 'चारा' यांतील 'च' च्या उच्चारभेदाकडे लक्ष द्यावे लागते. अशा कारणांमुळे मराठी अभ्यासक्रमासाठी सॉफ्टवेअर निवडताना विनामूल्य चाचणीच्या मुदतीतच एक संपूर्ण मराठी धडा तयार करून, प्रकाशित करून आणि मोबाईलवर चालवून पाहणे उपयुक्त ठरते.

## हे सुद्धा पहा

* मूडल
* महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड
* मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
* युनिकोड
* दूरशिक्षण
* दापोडी