न्हाण आणि लग्न यांच्यामधली वर्षे

मुलगी वयात आली हे सांगायला सातारा-सांगलीकडच्या बोलीत शब्दांची कमतरता नाही. तिला न्हाण आलं, पदर आला, ती शहाणी झाली, मोठी झाली. मुलग्याच्या बाबतीत मात्र मिसरूड फुटलं, आवाज फुटला, एवढ्यावरच भागते. मुलीची पहिली पाळी ही पूर्वी दोन घरांच्या कामाची बातमी होती, कारण तोवर तिचे लग्न होऊन गेलेले असे.

एकोणिसाव्या शतकात आठव्या-दहाव्या वर्षी मुलगी उजवणे ही रीतच होती. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाईंचे लग्न 1840 मध्ये, नवव्या वर्षी, जोतिराव फुल्यांशी झाले. देवराष्ट्रे गावी जन्मलेल्या, कुर्लेकरांच्या घरातल्या रमाबाई 1873 मध्ये रानड्यांच्या घरी गेल्या तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि महादेव गोविंद रानड्यांनी तिशी ओलांडलेली होती. पुष्कळ घरांत लग्नानंतरही मुलगी माहेरीच राही, सणावाराला तेवढी सासरी जाऊन येई. न्हाण आले की सासरी निरोप जाई.

पहिले तीन-चार दिवस ती बाजूला बसे. पाणी प्यायला वेगळे भांडे, निजायला वेगळी घोंगडी, घ्यायला जुन्या लुगड्याची फाडलेली पट्टी. ती पट्टी धुऊन दुसऱ्या कपड्याखाली, कुणाला दिसू नये अशी वाळत घालायची. ऊन न लागलेल्या त्या ओलसर फडक्याने खाज आणि जंतुसंसर्ग व्हायचा, पण तो सांगायचीही सोय नव्हती. मग डोक्यावरून न्हाऊ घालत. हिरवे लुगडे, हिरवा चुडा, केळीच्या खांबांचे मखर. सुवासिनी ओटी भरत, गाणी म्हणत, साखर वाटली जाई. ऐपतीच्या घरी वाजंत्रीही असे. मान खाली घालून मखरात बसलेल्या त्या बारा-तेरा वर्षांच्या पोरीला आपल्या शरीरात काय घडले हे बहुधा कुणी सांगितलेले नसे. कौतुक खरे होते, त्यात माया होती. पण त्यापाठोपाठ ऋतुशांती, म्हणजे गर्भाधानाचा विधी येई आणि मुलीचे बालपण तिथेच संपे.

शरीराचे गणित मात्र वेगळे आहे. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान होते. आधी स्तनांची वाढ, मग झपाट्याने उंची, आणि सुरुवातीपासून दोन-अडीच वर्षांनी पाळी. पाळी आली म्हणजे वाढ पुरी झाली असे नव्हे. कटीचे हाड त्यानंतरही काही वर्षे रुंदावत राहते. म्हणूनच तेराव्या-चौदाव्या वर्षीच्या बाळंतपणात मूल अडण्याचा आणि आईच्या जिवाचा धोका मोठा असतो. मखराची रीत पहिल्या पाळीलाच शेवटची पायरी मानत होती, आणि तिची सगळ्यात जबर किंमत त्या मुलींनी मोजली.

1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने नेमका इथेच हात घातला. शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारा झाले. न्हाण आल्यावर ठरावीक दिवसांत गर्भाधान झालेच पाहिजे असे मानणाऱ्यांना हा धर्मावरचा घाला वाटला. परक्या सरकारने यात पडू नये म्हणून टिळकांनी कडाडून विरोध केला. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूने लढले. पुढे 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले. ते 1949 मध्ये पंधरा आणि 1978 मध्ये अठरा झाले. कायदा मोडणारे पुष्कळ होते, तरी न्हाण आणि लग्न यांचा क्रम हळूहळू उलटला. आता न्हाण आधी, लग्न नंतर.

मधे जी वर्षे मोकळी झाली ती शाळेने भरली. किशोरवय हा आयुष्याचा वेगळा टप्पा या भागात अशा रीतीने घडला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. बहुजनांच्या मुलग्यांना याचा लाभ आधी झाला.  मुलींची वाट त्यामानाने उशिरा खुली झाली; पुढे बारावीपर्यंतच्या शिक्षणाची फी माफ झाली, एसटीचा मोफत पास मिळाला आणि दुसऱ्या गावचे हायस्कूल जवळ आले.

मुलग्यांसाठी मखर नव्हते, तालीम होती. मिसरूड फुटू लागले की लाल मातीत उतरायचे, जोर-बैठका काढायच्या, दूध-बदामाचा खुराक घ्यायचा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला मिळवलेल्या ब्राँझपदकाची सुरुवात अशाच मातीतली. तालमीने पोरांना अंग कमावायला शिकवले, शिस्त लावली. पण स्वप्नदोषाची भीती घालवण्याऐवजी वीर्यनाशाच्या समजुतीने ती वाढवलीच.

शरीराची माहिती शाळेत आणि दवाखान्यात उशिराच पोचली. 2014 मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा वर्गातच दिली जाऊ लागली. गरज मोठी आहे: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. महाराष्ट्राने 2018 मध्ये अस्मिता योजना आणली. तिच्यात जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीला पाच रुपयांत आठ पॅडचे पाकीट मिळू लागले.

जुनी घाई सरलेली नाही. 2019-21 च्या त्याच आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. ऊसतोड मजुरांचेच पाहा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते, आणि पालावर वयात आलेली पोर एकटी ठेवायला आईबापाचा जीव धजत नाही. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटण्याआधी, दिवाळीच्या आसपास, अशा घरांत पोरीच्या लग्नाची बोलणी उरकली जातात.