पंखा, गिअर आणि विमानाचं इंधन

शेंद्र्याहून जालना रोडने शहराकडे निघालं की वाटेत चिकलठाण्याचं विमानतळ लागतं. पूर्वीची विमानं कानठळ्या बसवायची. आताची त्या मानाने शांत आहेत. हा आवाज कमी कसा झाला, ते बघितलं की इंधन बचतीचा इतिहास समजतो.

१९७० च्या सुमारास इंडियन एअरलाइन्सकडे बोइंग ७३७-२०० आलं. त्याचं इंजिन बारीक आणि लांबोडकं. आत घेतलेल्या हवेपैकी जवळजवळ निम्मी हवा भट्टीतून जायची आणि प्रचंड वेगाने मागे फेकली जायची. तेल खूप लागायचं, पण तेल स्वस्त होतं. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला.

यावर उपाय काय? थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा भरपूर हवा सावकाश ढकलायची. म्हणजे पुढचा पंखा मोठा करायचा. जम्बो विमानांत हे आधीच होतं, एअर इंडियाकडे ती १९७१ मध्येच आली होती. आता हीच युक्ती लहान विमानांत आली. १९८९ मध्ये इंडियन एअरलाइन्सने एअरबस ए-३२० घेतलं. त्यात भट्टीतल्या हवेच्या सुमारे पाचपट हवा बाहेरून जायची.

पण गंमत बघा. आपल्या काही धावपट्ट्यांना भार झेपावा म्हणून मागच्या प्रत्येक पायाला दोनऐवजी चार चाकं लावून घेतली. वजन वाढलं. इंजिनाने वाचवलेलं थोडं तेल चाकांनी खाल्लं!

पुढची अडचण तुम्हा वाहन उद्योगातल्या लोकांना लगेच कळेल. मोठा पंखा हळू फिरायला हवा, पण त्याला फिरवणारं टर्बाइन वेगात असेल तरच नीट काम करतं. दोघं एकाच दांड्यावर. मग मध्ये गिअरबॉक्स घातला. असं इंजिन असलेलं ए-३२० निओ मार्च २०१६ मध्ये इंडिगोकडे आलं. बाहेरून जाणारी हवा आता बारापट, आणि इंधनात सुमारे १५ टक्के बचत.

आणि मग बिघाड सुरू झाले. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा कंपनीने याच इंजिनांकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये इंजिनाच्या काही चकत्यांच्या धातूत दोष असल्याचं जाहीर झालं. तपासणीसाठी जगभर शेकडो विमानं जमिनीवर उभी राहिली. गिअर मात्र टिकला, हेही सांगायला हवं.

मग हिशेब कसा मांडायचा? उडताना वाचलेलं तेल एका बाजूला. उभ्या विमानाचं भाडं, दुरुस्ती आणि गेलेल्या नोकऱ्या दुसऱ्या बाजूला. शिवाय दर खुर्चीमागे तेल कमी लागलं, तरी प्रवासी इतके वाढले की जगाचा एकूण खप वाढतच गेला. टक्के ऐकले की दोन्ही बाजू विचारा, एवढंच माझं सांगणं.