मुतालिकाच्या हातचें पत्र

वसईचा इतिहास बहुधा पराक्रमाचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेहि. परंतु दूरच्या माणसाकरवीं काम करून घ्यावयाचें तर आज्ञा कशी लिहावी, याचाहि एक धडा त्यांत आहे. घरोघरीं भिंतीवर हुकमी पडदे येऊं लागलेल्या आजच्या काळांत तो पुन्हा वाचण्यासारखा आहे.

१७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांच्या फौजेनें किल्ल्याच्या तटाखालीं सुरुंग पेरले. ते उडाले, खिंडार पडलें आणि लोक आवेशानें पुढें घुसले. इतक्यांत मागें राहिलेला एक सुरुंग उशिरां उडाला व हल्ला करणाऱ्यांपैकींच अनेकांचा त्यानें घात केला. बत्ती देणें आणि सुरुंग उडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्या दिवसानें जबर किंमत घेऊन शिकविलें.

पुढें लौकरच, १६ मे रोजीं, पोर्तुगीजांशीं शरणागतीचा करार झाला. शिबंदीनें हत्यारांसह, नगारे वाजवीत व निशाणें फडकवीत बाहेर पडावें. जाऊं इच्छिणाऱ्यांनीं आठ दिवसांत जावें. राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, अशा आशयाचीं कलमें त्यांत होतीं. कोणीं, काय घेऊन, किती मुदतींत, हें त्यांत स्पष्ट होतें. कलमें ठरविणारे प्रत्येक दरवाज्यावर उभे राहणार नव्हते. जें सांगावयाचें तें कागदानेंच सांगावयाचें होतें. २३ मे रोजीं किल्ला मराठ्यांच्या हातीं आला.

त्यानंतर सव्वाशें वर्षांनीं याच भूमींत आज्ञेचें दुसरें रूप आलें. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकल गाडी सुरू झाली. धांवत्या गाडीच्या ड्रायव्हरला स्टेशन-मास्तराशीं वाद घालतां येत नाहीं. म्हणून सिग्नलाच्या प्रत्येक खुणेला एकच अर्थ हवा, आणि संशय आला तर गाडी थांबवावी, हा रेल्वेचा दंडक झाला.

आज वसई-विरारसारख्या शहरांतील एखाद्या घराच्या भिंतीवर गाडीच्या वेळा, हवामान आणि आजीच्या औषधाची आठवण दाखविणारा पडदा लावतां येतो. घरच्या माणसाच्या वतीनें तो चालविणाऱ्या कृत्रिम बुद्धीला ‘एआय एजंट’ म्हणतात. पेशवाईच्या भाषेंत तिला मुतालिक म्हणावें, म्हणजे धन्याच्या वतीनें कारभार पाहणारा. जून २०२३ मध्यें ओपनएआय या कंपनीनें अशा बुद्धीला बाहेरचीं साधनें हांकण्याची रीत लोकांपुढें ठेवली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिकनें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा त्यासाठीं सामायिक नियम जाहीर केला. परंतु या मुतालिकाला बहुधा पडदा दिसत नाहीं. साधनाचें नांव, त्याचें वर्णन, आणि त्याला पुरवावयाच्या माहितीची यादी, एवढाच मजकूर त्याच्या हातीं असतो.

समजा, एका साधनाचें नांव ‘पडदा साफ करा’ असें आहे आणि वर्णनहि तेवढेंच. रात्रीं कोणी म्हणालें, ‘पडदा साफ कर.’ मुतालिकानें साधन चालविलें. पडदा काळा झाला, आणि साठविलेल्या सूचनाहि पुसल्या गेल्या. सकाळीं आजीच्या औषधाची वेळ दाखविणारें कांहीं उरलें नाहीं. दोष बुद्धीचा नव्हे, वर्णनाचा. तेंच वर्णन असें लिहितां आलें असतें: ‘पडदा काळा करा. फक्त उजेड बंद होतो. सूचना शाबूत राहतात. सूचना पुसण्यासाठीं हें वापरूं नये. त्यासाठीं “सूचना पुसा” हें निराळें साधन आहे, आणि तें चालविण्यापूर्वीं घरच्या माणसाला विचारावें.’ साधन कशासाठीं आहे, हें जितकें सांगावें, तितकेंच तें कशासाठीं नाहीं हेंहि सांगावें लागतें.

माहितीची यादीहि अशीच नेमकी हवी. वसई हें गांव, आणि स्टेशनचें नांव वसई रोड. ‘आठची गाडी’ सकाळची कीं रात्रीची? म्हणून स्टेशनांचीं मान्य नांवें आधींच लिहून द्यावीं, वेळ चोवीस तासांच्या घड्याळानें मागावी, आणि दिशा चर्चगेटची कीं विरारची हें निराळें विचारावें. शेवटीं उत्तर काय येईल हेंहि सांगावें. ‘निरोप पोंचला’ आणि ‘निरोप पडद्यावर उमटला’ हीं दोन उत्तरें एकच मानणें म्हणजे बत्ती दिली कीं सुरुंग उडाला असें समजणें होय.

पाल्हाळ मात्र नको. साधनें पुष्कळ असलीं आणि प्रत्येकाचें वर्णन लांबलचक असलें, तर मुतालिकाला तो सारा भार वाचावा लागतो व मुख्य अट गर्दींत हरवते. आणि नुसत्या शब्दांवर विसंबणेंहि बरें नव्हे. जें पुसल्यावर परत येत नाहीं, त्याला यंत्रांतच कुलूप असावें. एवढें केल्यावर वर्णनाची कसोटी सोपी आहे: घरांत नवख्या, पण समंजस अशा पाहुण्याच्या हातीं तो कागद द्यावा. त्याला एकहि प्रश्न विचारावा लागला नाहीं, तर तो मुतालिकाला द्यावयास हरकत नाहीं.