पावशेर किती ग्रॅमचा?

नांदेडच्या भाजी बाजारात आजही ‘पावशेर मिरची द्या’ म्हटले की भाजीवाली २५० ग्रॅम मिरची तोलून देते. देणारीला आणि घेणारीला दोघींनाही त्यात काही वावगे वाटत नाही. मूळ पावशेर मात्र २५० ग्रॅमचा नव्हता. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, म्हणून त्याचा पाव २३३ ग्रॅमचा. नवी वजने आली, जुना शब्द तसाच राहिला आणि त्यातला माल साधारण १७ ग्रॅमनी वाढला. सराफ्यात उलटे झाले. ११.६६ ग्रॅमचा तोळा बोलण्यात १० ग्रॅमचा झाला. एक शब्द जड झाला, दुसरा हलका झाला.

स्मरणिकेत आपण सगळेच शाळेच्या आठवणी लिहिणार आहोत. मी आपल्या शिक्षकांच्या एका कामाचा इतिहास लिहायचे ठरवले. या कामासाठी त्यांचा कधी सत्कार झाला नाही. शेर-छटाकाच्या मराठवाड्याला किलो-ग्रॅम शिकवण्याचे हे काम.

आधी जुनी पद्धत पाहू. वजनाची रीत अशी : ५ तोळ्यांची छटाक, १६ छटाकांचा शेर, ४० शेरांचा मण. पावशेराच्या निम्मे ते नवटाक. धान्य मात्र बहुतेक वेळा तोलत नसत, मापाने मोजत. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि पुढे चार शेरांची पायली. म्हणजे शेर हा शब्द वजनालाही होता आणि मापालाही. त्यातही कच्चा शेर वेगळा, पक्का शेर वेगळा. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ च्या कायद्याने १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण असे प्रमाण ठरवले होते. निजामाच्या राज्याला तो कायदा लागू नव्हता. बाजार बदलला की माप बदलायचे आणि ज्याच्या हाती माप, त्याच्या हाती हिशेब असायचा.

तरी ही पद्धत अडाणी होती असे मी म्हणणार नाही. संगणकाचे काम करणाऱ्या माझ्यासारखीला निळवे-कोळव्याची ती उतरंड पाहून गंमत वाटते. प्रत्येक माप आधीच्या दुप्पट : १, २, ४, ८, १६. पाचही मापे एकेकच जवळ असली तरी १ पासून ३१ निळव्यांपर्यंत कोणतेही धान्य मोजता येते. संगणकाच्या पोटातली आकडेमोड अशाच दुपटीवर चालते. सिंधू संस्कृतीच्या दगडी वजनांतही आधी अशीच दुप्पट दिसते आणि मोठ्या वजनांकडे गेले की दहाची पट येते. अर्धे करणे, पुन्हा अर्धे करणे हे हाताला आणि डोळ्याला सोपे असते. त्यासाठी पाटी लागत नाही.

याच रीतीसाठी आपल्याकडे अपूर्णांकांचे पाढे होते : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. रुपयाचे १६ आणे आणि शेराच्या १६ छटाका असल्यामुळे भाव आणि वजन यांची गाठ सहज बसे. शेराला एक रुपया भाव असेल तर छटाकेला एक आणा. इतके सोपे गणित नव्या पद्धतीतही नाही! अडचण यायची ती भाव आडवातिडवा असला, वजन मण-शेर-छटाकेत असले आणि पैसे रुपये-आणे-पैत काढायचे असले की. मग दुकानदाराची वही खरी मानण्यावाचून साध्या माणसाला दुसरा मार्ग नसे.

मराठवाड्यावर हा बदल एकट्याने आला नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. तोवर आपल्याकडे माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूतून होत असे. आता मराठी शाळा वाढू लागल्या. निजामाचा हाली शिक्का हे चलन जाऊन भारतीय रुपया आला. सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा दर होता आणि हाली नाणे १९५९ पर्यंत पूर्ण बाद झालेले नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले. वजन-मापांचा केंद्रीय कायदा १९५६ चा. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशाच्या निवडक भागांत मेट्रिक वजने सुरू झाली आणि एप्रिल १९६२ पर्यंत ती देशभर सक्तीची झाली. मधल्या काळात, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य जन्माला आले.

१९४८ मध्ये दहा वर्षांचा असलेला नांदेडचा किंवा लातूरचा मुलगा १९६२ मध्ये चोवीस वर्षांचा होता. या चौदा वर्षांत त्याचे राज्य, शाळेची भाषा, नाणे आणि वजन असे सगळेच बदलले. पुणे-मुंबईच्या मुलाला वजन आणि आणे-पैसे बदलावे लागले. आपल्याकडच्या मुलाला त्याआधी हालीचाही हिशेब उरकावा लागला.

नव्या पैशांचा घोळ वजनांच्या आधी आला. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे, पण पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला ६ पैसे, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ असे धरले होते. आण्याची एकेक वस्तू चार वेळा घेतली तर २४ पैसे आणि चार वस्तू एकदम घेतल्या तर २५. त्यातून बाजारात काय वाद झाले असतील याची कल्पना करा.

वजनाच्या रूपांतराला एक सुबक किल्ली होती. १५ शेर म्हणजे जवळजवळ नेमके १४ किलो. फरक अवघा साडेतीन ग्रॅमचा. हालीसाठी ७ ला ६ आणि शेरासाठी १५ ला १४, ही दोन गुणोत्तरे ज्याला आली त्याला जुन्या-नव्या भावांची तुलना करता येई. १५ शेर ज्वारी सात हाली रुपयांना मिळत असेल, तर तोच भाव १४ किलोला सहा भारतीय रुपये असा होतो. आपण पुढे सहावी-सातवीत गुणोत्तर-प्रमाण शिकलो तेव्हा ते पुस्तकातले प्रकरण होते. आधीच्या पिढीसाठी तो दर आठवड्याच्या बाजाराचा प्रश्न होता.

हे शिकवले कोणी? आपल्याला शिकवून १९९० च्या आसपास निवृत्त झालेले गुरुजी आठवा. त्या काळी ५८ व्या वर्षी निवृत्ती, म्हणजे त्यांचा जन्म १९३० च्या दशकातला. त्यांनी स्वतः पावकी-दिडकी पाठ केली होती आणि आण्यांत हिशेब केले होते. नोकरीला लागले तोवर त्यांना वर्गात दशांश चिन्ह शिकवायचे होते. जे स्वतः शाळेत शिकले नाही ते मुलांना शिकवायचे, आणि घरी जाऊन ती मुले आई-वडिलांना सांगणार! खेड्यापाड्यांत किलोची ओळख करून देण्यात या शाळकरी मुलांचा वाटा मोठा असणार असे मला वाटते.

आपल्या वेळेपर्यंत पुस्तकातून मण-शेर गेले होते. फळ्यावर सात घरे आखलेली असत : किलो, हेक्टो, डेका, ग्रॅम, डेसी, सेंटी, मिली. एक घर उजवीकडे गेले की दहाने गुणायचे, डावीकडे गेले की दहाने भागायचे. हेक्टोग्रॅम आणि डेकाग्रॅम आपण बाजारात कधी पाहिले नाहीत, पण ती घरे रिकामी ठेवून चालत नसे. ‘३ किलो ४५ ग्रॅम म्हणजे ३.४५ किलो’ असे कोणी लिहिले की शतांश-सहस्रांशाची उजळणी पुन्हा सुरू होई, कारण बरोबर उत्तर ३.०४५ किलो.

मला जास्त आठवतो तो प्रत्यक्ष तराजूचा तास. लोखंडी षटकोनी वजने. ५०, १००, २००, ५०० ग्रॅम आणि १ किलो. कायद्याने ठरवलेली मालिका १, २, ५ अशी चालते. त्यात २५० ग्रॅमचे वजन नाही. म्हणून पाव किलो म्हणजे २०० अधिक ५०. आता २०० चे एकच वजन असताना ४०० ग्रॅम शेंगदाणे कसे तोलाल? ५०० एका पारड्यात आणि १०० शेंगदाण्यांच्या बाजूला. बेरजेच्या तराजूत वजाबाकीही असते, हे तेव्हा कळले. वजनाच्या तळाशी शिशाच्या ठिपक्यावर सरकारी शिक्का असतो. दर दोन वर्षांनी पडताळणी करून तो मारून घ्यावा लागतो. निरीक्षकाचे वजन त्याहून अचूक वजनाशी जुळवलेले असते आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. भारताला मिळालेली किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत तिथे आहे. पॅरिसजवळच्या मूळ किलोशी ती जुळवलेली होती. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावर नसून प्लँकच्या स्थिरांकावर आधारली आहे. पण भाजीवालीच्या पारड्यात त्याने कणभरही फरक पडलेला नाही.

या शिक्षणाचा उपयोग काय, ते मी आजोळी पाहिले. आजोबांची तूर लातूरला जायची. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, असे ते मला दर वेळी कौतुकाने सांगत. एका वर्षी त्यांनी दहा पोत्यांची वजने कॅलेंडरच्या मागे लिहून आणली होती आणि आडतीवरची पट्टी सोबत होती. मी सहावीत होते. ‘बाळा, बघ बरं जुळतंय का,’ म्हणाले. पोत्यांची बेरीज ७ क्विंटल ५३ किलो येत होती आणि पट्टीवर ७ क्विंटल ३५ किलो लिहिले होते. आकड्यांची अदलाबदल मुद्दाम की चुकून, ते कोणी विचारले नाही. फरक १८ किलोचा. ‘म्हणजे एकोणीस शेरांच्या वर,’ आजोबा लगेच म्हणाले. त्यांना किलोचे मोल शेरात केल्याशिवाय कळत नसे. दुसऱ्या दिवशी ते कॅलेंडरचे पान घेऊन गेले आणि पट्टी दुरुस्त करून आणली.

क्विंटलला ८०० रुपये भाव धरला तर ७.५३ गुणिले ८००, म्हणजे ६,०२४ रुपये. सहावीतली मुलगी हे करू शकते. हेच जुन्या रीतीने मांडून पाहा : मणाला २९८ रुपये साडेनऊ आणे भाव, तर २० मण ७ शेरांचे किती? सहावीतली मुलगी सोडा, आजही मला कागद लागेल. दशमान पद्धतीने शेतकऱ्याच्या घरात एक तपासनीस बसवला आणि तो बहुधा घरातले शाळेत जाणारे पोर होते.

एककावरून गुरुजी किती काटेकोर असत, तेही सांगायला हवे. उत्तर बरोबर असले तरी पुढे ‘ग्रॅम’ लिहिले नाही म्हणून अर्धा गुण जात असे. तेव्हा हा अन्याय वाटे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एक मोठे प्रवासी विमान ऐन आकाशात इंधन संपून बंद पडले. त्याला २२,३०० किलो इंधन हवे होते. हिशेब करताना लिटरचे वजन किलोत घ्यायचे ते पौंडात घेतले गेले, त्यामुळे निम्म्याहूनही कमी इंधन भरले होते. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या विमानतळावर उतरवले आणि ६९ जण वाचले. गुणाकार बरोबर होता, एकक चुकले होते. माझ्या कामात संख्या आली की तिच्या नावापुढे एकक लिहायचे, ही सवय मला इंजिनिअरिंगच्या आधी त्या अर्ध्या गुणाने लावली.

जुने सगळे गेलेले नाही. तुमच्या-माझ्या घरी ज्वारी अजून पायलीने मोजली जाते. क्विंटलने विकला गेलेला कापूस जिनिंगमधून रुई होऊन निघाला की त्याचा भाव खंडीत बोलतात आणि ही खंडी ३५६ किलोची असते, कारण ती मुळात ७८४ पौंडांची. म्हणजे कापसाचा भाव समजून घ्यायचा तर नांदेडच्या शेतकऱ्याच्या मुलाला आजही रूपांतर यावे लागते.

आता इलेक्ट्रॉनिक काटा आकडा दाखवतो आणि रूपांतर मोबाइल करतो. मुलांना ३.०४५ लिहिता येते, पण हातात एक कांदा देऊन ‘किती ग्रॅम असेल?’ विचारले तर ती ५ ग्रॅमही सांगतात आणि २ किलोही. आकडा चुकला हे ओळखायला आधी अंदाज यावा लागतो. तो काट्याच्या पडद्यावर शिकता येत नाही. हाताने उचलून, तोलून, पुन्हा उचलून शिकावा लागतो.

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, एक सूचना. मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचे याची चर्चा सुरू आहे. संगणक द्यायला माझी हरकत असण्याचे कारण नाही, ते माझेच क्षेत्र आहे. पण प्राथमिक वर्गांसाठी चार-पाच साधे तराजू आणि शिक्क्याच्या वजनांचे संचही देऊ या. त्यासोबत मापटे-चिपट्याचा एक संच कोणाच्या माळ्यावर पडला असेल तर तोही आणा. मुलांना दोन्ही मोजू देत. पावशेर किती ग्रॅमचा, हे त्यांचे त्यांनाच तोलून काढू देत.