दिवसाला १३ सेकंद : पीसीच्या चिप्स, पीसी नसलेली यंत्रं

नांदेड-लातूरकडच्या कॉलेजात ८०८५ चं किट हाताळलं असेल, तर ८२५५ आणि ८२५३ हे नंबर तुम्हाला पाठ असतील. पहिली पोर्टची चिप, दुसरी टायमरची. पुढे याच चिप्स पीसीतही भेटतात आणि आपण समजतो की त्या 'पीसीच्या' आहेत.

क्रम मात्र उलटा आहे. इंटेलने त्या १९७० च्या दशकात ८०८०-८०८५ च्या जोडीला काढल्या. १९८१ साली, म्हणजे नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी कॉलेज निघालं त्याच वर्षी, आयबीएमने आपल्या पीसीत याच तयार चिप्स बसवल्या. पीसी लाखोंनी खपला, चिप्स स्वस्त झाल्या, प्रोग्रामर मुबलक झाले. मग यंत्रं बनवणाऱ्यांनी त्या परत उचलल्या, पण आता पीसीच्या मांडणीसकट. १९९२ चं पीसी/१०४ हे मानक म्हणजे ९० × ९६ मिलीमीटरच्या बोर्डावर मावलेला पीसीच.

स्वस्ताईबरोबर काय आलं, ते बघा. आयबीएमने १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल घेतला. त्याला ४ ने भागलं की अमेरिकन रंगीत टीव्हीचा सिग्नल, ३ ने भागलं की प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्झचा क्लॉक आणि १२ ने भागलं की टायमरचा १.१९३१८२ मेगाहर्ट्झ. आता यंत्राला नेमका १ मिलिसेकंद हवाय. भाजक येतो ११९३.१८, पण टायमरला पूर्णांकच लागतो. ११९३ टाकला, की ठोका किंचित लवकर पडतो. हजार ठोक्यांचा सेकंद धरला, तर घड्याळ दिवसाला सुमारे १३ सेकंद पुढे पळतं. यंत्राला टीव्हीशी काही देणंघेणं नाही, तरी टीव्हीचा आकडा त्याच्या पोटात बसलाय.

दुसरी अडचण आयुष्याची. पीसीचे चिपसेट भराभर बदलतात, कारखान्यातलं यंत्र मात्र वर्षानुवर्षं चालतं. म्हणूनच पीसी कधीच पुढे निघून गेला, तरी १९८५ चा ३८६ इंटेल २००७ पर्यंत बनवत राहिली.

संशोधनाच्या तयारीत यातून एक सवय घ्या. डेटाशीटमधला विचित्र आकडा 'असतोच तसा' म्हणून सोडू नका. तो कुणाच्या गरजेतून जन्मला, ते शोधा. आपल्या मोजमापातली चूक कधी कधी आपल्या प्रयोगाच्या कितीतरी आधीच ठरलेली असते.