कानपूरचे विद्यार्थी

मधल्या सुट्टीत दोन मुले भांडली, की तिसरा एक मुलगा धापा टाकीत येतो आणि ओरडतो, “गुरुजी, खालच्या आळीच्या पोरांनी डोके फोडले!” जाऊन पाहावे तो कुणाचे तरी कोपर खरचटलेले असते. पण तेवढ्या वेळात वर्गात वरची आळी आणि खालची आळी असे दोन तट पडलेले असतात. भांडणाऱ्या दोघांपेक्षा मला या तिसऱ्याचीच धास्ती अधिक. वर्गातले भांडण घंटेबरोबर मिटते. शहरातले मिटत नाही. तेथे हा तिसरा म्हणजे वृत्तपत्र. ते काम ज्याने जिवाचे मोल देऊन केले, अशा एका संपादकाची ही हकीगत.

गणेश शंकर विद्यार्थी यांचा जन्म १८९० सालचा. १९१३ साली त्यांनी कानपुरात ‘प्रताप’ हे हिंदी साप्ताहिक सुरू केले. शेतकरी आणि गिरणी कामगार यांची गाऱ्हाणी तेथे छापली जात. जानेवारी १९२१ मध्ये रायबरेलीजवळ मुन्शीगंज येथे शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. ‘प्रताप’ने ती हकीगत निर्भीडपणे छापली. एका जमीनदाराने अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि संपादकांना तुरुंगवास घडला. हे आधी सांगण्याचे कारण असे, की शांतता राखायची म्हणजे सत्य दडपायचे, असा पुष्कळांचा समज असतो. विद्यार्थींचा तो नव्हता.

१९२४च्या सुमारास या ‘प्रताप’च्या कचेरीत एक पंजाबी तरुण नाव बदलून काम करीत होता. तो म्हणजे भगतसिंग. पुढे जून १९२८ मध्ये त्यांनी ‘किरती’ या मासिकात जातीय दंग्यांवर लेख लिहिला. भडक मथळे देऊन माणसांची माथी भडकावणाऱ्या वृत्तपत्रांवर त्यांनी स्पष्ट ठपका ठेवला. लोकांना शहाणे करणे आणि मनाचा कोतेपणा घालवणे हे वृत्तपत्रांचे खरे कर्तव्य, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दैवाचा खेळ असा, की २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू फासावर गेले, दुसऱ्या दिवशी कानपुरात हरताळ पडला, आणि दुकाने बंद करण्याच्या तंट्यातून हिंदु-मुसलमानांचा दंगा पेटला. ज्याने दंग्यांविरुद्ध लेखणी उचलली, त्याच्याच सुतकात माणसे एकमेकांचे गळे कापू लागली!

विद्यार्थी कचेरीत बसून राहिले नाहीत. हिंदू वस्तीत अडकलेल्या मुसलमानांना आणि मुसलमान वस्तीत अडकलेल्या हिंदूंना ते बाहेर काढीत राहिले. २५ मार्चला एका जमावाने त्यांना ठार केले. काही दिवसांनी इस्पितळातील प्रेतांच्या राशीत त्यांचा देह सापडला. वय अवघे चाळीस.

प्रत्येक वार्ताहराने दंग्यात उडी घ्यावी, असे कोण म्हणेल? पण लिहिताना आपल्या एका ओळीवर कुणाचा तरी जीव टांगलेला आहे, एवढे स्मरण त्याने ठेवावे. ऐकीव गोष्ट पडताळल्याखेरीज छापू नये. मेलेल्यांचा आकडा कुणी दिला, ते सांगावे. गुन्हा दहाजणांनी केला असेल, तर तो साऱ्या जमातीच्या माथी मारू नये. दोन्ही वस्त्यांत जाऊन विचारावे. तंट्याचे मूळ शोधावे आणि बलवंताचा अन्यायही तितक्याच स्पष्टपणे लिहावा. “नरो वा कुंजरो वा” म्हणणाऱ्या धर्मराजाचेही शब्द खोटे नव्हते. पण त्या अर्ध्या सत्याने द्रोणाचार्यांचा घात झाला.

आज तर खिशातल्या मोबाइलमुळे तुम्हीआम्ही सारेच तिसरे झालो आहोत. दिवाळीच्या फराळाला बसल्या बसल्या आपण एखादी बातमी शंभर घरांत धाडतो.

आमच्या शाळेत आता मी त्या तिसऱ्या मुलाला तीन प्रश्न विचारतो. तू स्वतः पाहिलेस का? लागले कुणाला? आणि भांडण सोडवले कुणी? पहिल्या दोहोंची उत्तरे कशीबशी मिळतात. तिसऱ्याला मुलगा हटकून गोंधळतो. सोडवणारा कुणीतरी असतोच; पण त्याचे नाव सांगायचे असते, हे त्याच्या ध्यानीच आलेले नसते.